मेरेनच्या डेकमधून बेडूक का काढला: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील ‘कमांडर’ या प्रकारासाठी बांधलेल्या, मेरेन हे प्रमुख कार्ड (कमांडर) असलेल्या डेकवरील म्हणजे कार्डसंचावरील माझ्या लेखाला आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: स्पोर फ्रॉग हे स्वस्त, नियमात बसणारे आणि मेरेनसोबत अत्यंत प्रभावी ठरणारे कार्ड काढून मी डेक मुद्दाम दुबळा केला, ‘कॅज्युअल’ (मौजेखातर खेळण्याचा) हा शब्द ढिसाळ बांधणी झाकण्यासाठी वापरला जातो, ३३ लँड (कार्डे खेळण्यासाठी लागणारी ‘माना’ ही ऊर्जा देणारी कार्डे) पुरत असताना ३७ ठेवणे आणि एकही ट्यूटर (डेकमधून हवे ते कार्ड शोधून आणणारे कार्ड) न ठेवणे हे त्याच ढिसाळपणाचे नमुने आहेत, आणि हजारो खेळाडूंच्या याद्या समोर असताना स्वतः काटछाट करत बसण्यात काही हशील नाही. कॅज्युअल डेकची बांधणी स्पर्धेच्या डेकइतकीच काटेकोर असायला हवी, असे माझेही ठाम मत आहे. मतभेद आहे तो ही काटेकोर बांधणी कशासाठी करायची याबद्दल.

बेडकापासूनच सुरुवात करतो. स्पोर फ्रॉग हा एका मानाचा क्रीचर, म्हणजे लढणारा प्राणी. त्याचा बळी दिला की त्या टर्नमध्ये लढाईतून होणारे सगळे नुकसान रद्द होते. एरवी हे काम एकदाच होते, पण मेरेन टेबलावर असेल तर तो मरताच मला एक एक्सपिरिअन्स काउंटर (मोजणीची खूण) मिळतो आणि माझ्या पुढच्या टर्नअखेरीस तो ग्रेव्हयार्डमधून (बाद झालेल्या कार्डांच्या ढिगातून) परत येतो, कारण जितके काउंटर तितक्या मानांपर्यंतचा क्रीचर मेरेन परत आणते आणि एका मानाच्या क्रीचरसाठी एकच काउंटर पुरतो. चौघांच्या खेळात तो फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याचा हल्ला थोपवतो हे खरे, पण कोणाचा थोपवायचा हे मी ठरवतो, त्यामुळे माझ्यावर हल्ला करायला कोणीच धजावत नाही आणि सगळे एकमेकांवरच तुटून पडतात. शेवटी दोघेच उरले की समोरच्याची प्रत्येक लढाई निष्फळ ठरते. क्रीचरच्या जोरावर जिंकू पाहणाऱ्या डेकला तिथे करण्यासारखे काहीच उरत नाही, आणि तरीही मी जिंकलेलो नसतो, कारण बेडूक खेळ संपवत नाही, नुसता लांबवतो.

प्रतिस्पर्ध्यांनी ग्रेव्हयार्ड रिकामे करणारी कार्डे बाळगावीत, हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि आमच्या टेबलावर बोजुका बॉग हे तसे कार्ड असतेच. मात्र बेडूक बहुतेक वेळ टेबलावर असतो. ग्रेव्हयार्डमध्ये तो असतो फक्त बळी दिल्यापासून माझ्या टर्नअखेरीपर्यंत. दोघेच उरल्यावर त्याला पकडायचे तर समोरच्याने हल्ला करून बळी घडवून आणायचा आणि बोजुका बॉग लढाईनंतरच्या मुख्य टप्प्यात खेळायचे. हे जमते, पण एकदाच, आणि तेही ते कार्ड हातात असेल तर.

त्याच्या जागी मी कॉस्टिक कॅटरपिलर ठेवला. तोही एका मानाचा, तोही बळी जाऊन काउंटर देणारा आणि परत येणारा. फरक इतकाच की तो एखादे आर्टिफॅक्ट किंवा एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारी वस्तू किंवा जादू) नष्ट करतो आणि त्यासाठी दरवेळी आणखी दोन माना मोजावे लागतात. मेरेनचे यंत्र तसेच्या तसे चालू राहिले. बदलले ते त्यातून बाहेर पडणारे फळ. यालाच आपण डेक दुबळा करणे म्हणत असाल, तर तो शब्द मला मान्य नाही.

लँडचा हिशेब मात्र मी आग्रहाने मांडतो. कमांडरमध्ये चौघे खेळत असताना पहिल्या टर्नलाही प्रत्येकजण कार्ड ओढतो, म्हणजे चौथ्या टर्नपर्यंत कमांडर सोडून उरलेल्या ९९ पैकी ११ कार्डे (सुरुवातीची ७ आणि ओढलेली ४) पाहून होतात, बरोबर एक नवमांश. ३६ लँड असतील तर तोवर सरासरी ४ मिळतात, ३३ असतील तर ३.६७. मेरेन चार मानांची आहे. साकुरा-ट्राइब एल्डर हा लँड शोधून आणणारा क्रीचर मदतीला असतो, पण त्यालाही आधी दोन लँड लागतात. घरगुती डावात लँड न आल्याने अडकलेला खेळाडू तास-तासभर नुसता बसून राहतो. म्हणून कॅज्युअल डेकमध्ये लँड कमी करणे मला सर्वांत मोठा निष्काळजीपणा वाटतो.

हाच एक नवमांश ट्यूटरबद्दलचे उत्तरही देतो. ६० कार्डांच्या डेकमध्ये एका कार्डाच्या ४ प्रती असल्या की पहिल्या १० कार्डांत त्यातली एक तरी दिसण्याची शक्यता ५३ टक्क्यांच्या आसपास असते. कमांडरमध्ये बेसिक लँड सोडता प्रत्येक कार्डाची एकच प्रत, म्हणून विशिष्ट कार्ड चौथ्या टर्नपर्यंत साधारण नऊ डावांतून एकदा दिसते. दर डाव वेगळा होतो तो यामुळेच. ट्यूटर भरले की आपण तेच एक कार्ड दर डावात शोधून आणतो आणि एकच प्रत ठेवण्याचा नियम नावापुरता उरतो.

‘नियमात बसते ना’ या आपल्या मुद्द्याविषयी. कमांडर हा प्रकार अलास्कातल्या खेळाडूंनी ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’ या नावाने सुरू केला, शेल्डन मेनरी यांनी तो जगभर पोहोचवला आणि खेळाची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने त्यासाठी तयार डेक २०११ मध्ये काढले. कोणत्या ताकदीने खेळायचे हे टेबलावरच्या चौघांनी आपसात ठरवावे, ही त्याची मूळ धारणा. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या, डेकच्या ताकदीनुसार केलेल्या पाच ब्रॅकेट्सनीही (पातळ्यांनीही) ती धारणा मोडलेली नाही. त्यांच्यासोबतच्या ‘गेम चेंजर्स’च्या, म्हणजे खेळाचा रंग पालटणाऱ्या कार्डांच्या यादीत नावाजलेली, बहुतांशी महागडी कार्डे आहेत, स्पोर फ्रॉग तिथे सापडणार नाही. तो केवढा जाचक ठरतो हे त्याच्यासमोर बसलेल्यालाच कळते, आणि तयार याद्यांची मर्यादाही मला इथेच दिसते. अमुक कार्ड किती डेकमध्ये आहे हे आकडेवारी सांगते. ते कोणी, कोणत्या टेबलावर आणि का काढून टाकले हे सांगत नाही. मी त्या याद्या आवर्जून पाहतो, पण सुरुवात करण्यापुरत्या.

फ्लेशबॅग मॅरॉडर मग का ठेवला, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण तोही त्रासदायकच आहे: तो आला की प्रत्येकाला एका क्रीचरचा बळी द्यावा लागतो, आणि तीन काउंटर जमले की तो दर फेरीत परत येऊ शकतो. आमच्या टेबलावर सध्या दोघांचे डेक टोकनचे (इतर कार्डांच्या परिणामाने तयार होणाऱ्या किरकोळ क्रीचरचे) आहेत. त्यांना एक टोकन गेल्याचे विशेष काही वाटत नाही. एकाच मोठ्या क्रीचरवर विसंबून असलेला डेक घेऊन कोणी येऊ लागले, तर मॅरॉडर मी काढून ठेवीन. आपण कोणत्या टेबलावर खेळता आणि तिथे काय चालते, हे कळवलेत तर आपल्या यादीबद्दलही नेमकेपणाने लिहिता येईल.