165 वॉटचा संसार

ऊन फुकट असतं, असं म्हणणाऱ्या माणसाने स्वतः कधी सोलर पॅनेल घेतलेलं नसतं. आमच्याकडे हे वाक्य मेहुण्याचं. त्याच्याच नादाने आम्ही जुनी ओम्नी घेतली, मागच्या सीट काढून फळ्या ठोकल्या, गादी घातली, पडदे लावले आणि तिला कॅरव्हॅन म्हणायला लागलो. सोसायटीचा वॉचमन तिला अजून ‘टेम्पो’च म्हणतो. आडरानात मुक्काम करायचा तर वीज हवी, आणि ती मिळवायची छतावरच्या पॅनेलवरून, असं ठरलं.

पॅनेल किती वॉटचं घ्यायचं, हे काढायची रीत तशी चौथीतल्या गणिताची आहे. प्रत्येक उपकरणाचे वॉट गुणिले ते चालणार तेवढे तास, सगळ्याची बेरीज, आणि तिला भागिले कडक उन्हाचे तास. मी वही घेऊन बसलो आणि घरच्यांना म्हटलं, आपापल्या गरजा सांगा. हे वाक्य संसारी माणसाने मोठ्याने बोलू नये.

पंखा 20 वॉटचा, रात्रभर आठ तास, झाले 160 वॉट-तास. दिवे 50, मोबाइल 60. इथवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग आई म्हणाली, “मिक्सर लिही. ओल्या नारळाची चटणी काय दगडावर वाटू?” मिक्सर 500 वॉटचा, म्हणून मी पेन खाली ठेवलं. पण चालतो पाचच मिनिटं, म्हणजे चाळीसेक वॉट-तास. मंजूर. मेहुण्याने फ्रिज सांगितला. “ताकासाठी, भावोजी.” ताकासाठी इतकी कळकळ मी कुठल्याच माणसात पाहिलेली नाही. गाडीतला बारा व्होल्टचा छोटा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना 45 वॉट घेतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात निम्मा दिवस तो चालूच राहतो. दिवसाचे 540. चार माणसं आणि एक मिक्सर मिळून जेवढं खात होते, त्याच्या पावणेदोन पट हा एकटा.

सगळ्यात शेवटी बायको शांतपणे म्हणाली, “आणि अंघोळीच्या पाण्यासाठी रॉड.”

रॉड 1500 वॉटचा. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तो चालवायचा तर सव्वाशे अँपिअर ओढावे लागतात. “पाण्याच्या आधी वायर उकळेल,” मी म्हणालो.

“ताईंच्या बिल्डिंगमध्ये बरं सोलरवर कढत पाणी येतं!”

गच्चीवरच्या त्या नळकांड्या उन्हाने थेट पाणी तापवतात आणि आपलं पॅनेल वीज करतं, ही दोन वेगळी घराणी आहेत, हे पटवण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. पटलं नाहीच. “म्हणजे आपण कमी प्रतीचं घेतोय,” एवढा निष्कर्ष निघाला.

खरेदीला मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. तिथे गेल्यावर कळतं की आपण वहीत काय लिहून आणलंय याला काडीची किंमत नाही. घरांच्या छपरावर बसतं ते 550 वॉटचं पॅनेल वॉटमागे सगळ्यात स्वस्त, म्हणून दुकानदार तेच पुढे सरकवत होता. ते सव्वादोन मीटर लांब आणि अठ्ठावीसेक किलो वजनाचं. ओम्नीवर चढवलं असतं तर गाडीला पॅनेल लावलंय की पॅनेलला गाडी, असा प्रश्न पडला असता. मग त्याने एक सुटसुटीत पॅनेल काढलं. अर्धा चौरस मीटर भरेल न भरेल, मागे स्टिकर 300 वॉटचा. मी खिशातून मोजायचा टेप काढला.

टेप ही या बाजारातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. 1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला, तेव्हा तो उन्हातल्या ऊर्जेच्या सहा टक्क्यांची वीज करायचा. आजचं चांगलं मोनो पॅनेल, म्हणजे एकसंध स्फटिकातून कापलेल्या सेलचं, 20 ते 22 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे एका चौरस मीटरवर पडणाऱ्या हजारेक वॉट उन्हातून दोनशे-सव्वादोनशे वॉट, बस्स. अर्ध्या मीटरमधून तीनशे काढायचे तर त्या दुकानावर वेगळा सूर्य उगवायला हवा. दुकानदाराने टेपकडे पाहिलं आणि अत्यंत सात्त्विक चेहऱ्याने विचारलं, “अंकल, असली वॉट चाहिए क्या? पहले बोलना था ना.”

असली वॉट 165 निघाले. दीड मीटर लांब, रुंदी दोन फुटांहून थोडी जास्त. सोबत एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा), लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 अँपिअर-तासांची बॅटरी, फ्यूज आणि जाड वायर. पातळ वायर स्वस्त पडते, पण तिच्यात वीज वाटेतच गरम होऊन संपते.

ग्रँट रोडवरून मालडब्यात चढलो. “खिडकी कुठे लावताय?” एकाने विचारलं. दुसऱ्याने काही न विचारता पॅनेलच्या काचेत बघून भांग पाडला. दादरला चढलेल्या गृहस्थांनी ते फोडलं तर वीज बाहेर सांडते का, अशी चौकशी केली. त्या काळ्या काचेत शेवटी अंधेरीपर्यंत कोणी ना कोणी मिशा, केस, कॉलर नीट करत होतं.

बसवायची वेळ आली तेव्हा गॅरेजवाल्याने ड्रिल हातात घेतलं आणि छताला चार भोकं पाडतो म्हणाला. मुंबईत वरच्या मोरीच्या गळतीवरून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या भांडणं चालवली, त्यांच्या डोक्यावरच्या पत्र्याला स्वखुशीने भोक? कॅरिअरला क्लॅम्प लावून काम भागलं. खाली चार बोटं जागा सोडली, कारण पॅनेललाही वारा लागतो. त्याचे वॉट मोजतात ते सेल 25 अंशांवर ठेवून. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्के उत्पन्न घटतं आणि मे महिन्यात छतावर सेल सहज 65 अंशांवर जातो. सहावा हिस्सा तिथेच गेला. आईने त्यावर हात धरून पाहिला आणि साबुदाण्याच्या पापड्या इथे चांगल्या वाळतील, असं मत दिलं. 165 वॉटला तापमान, धूळ, वायर आणि उन्हाचे चार-साडेचार भरीव तास यांनी गुणलं-भागलं की साडेपाचशेच्या आसपास वॉट-तास हातात येतात. फ्रिज वहीतून कटला. त्याजागी थर्माकोलचा खोका आणि मासळीबाजारातला बर्फ. ताकाचं प्रेमही एकदम आटलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन टॉवरच्या फटीतून दुपारी तासभर ऊन येतं. त्या तासात कबुतरं येतात. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर नीट सावली पडली तरी त्याच्या ओळीतला पट्टाच बसकण मारतो. एक कबूतर आमचे पन्नास-साठ वॉट सहज पिऊन टाकतं आणि जाताना पोचपावती ठेवतं. मी रोज ओलं फडकं घेऊन टेम्पोच्या टपावर चढतो, हे पाहून सेक्रेटरींनी ‘पार्किंगमध्ये धंदा चालवू नये’ अशी नोटीस लावली.

शेवटी मेमध्ये दिवेआगरला पोचलो. मेच्या मध्यावर या पट्ट्यात सूर्य भरदुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, आडवं पॅनेल लावणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त नाही. समोर सुरूचं बन, गार सावली. बायको म्हणाली, गाडी सावलीत घ्या. मी म्हणालो, सावलीत वीज होत नाही. “वीज कशाला हवीय?” पंख्याला. “पंखा कशाला?” उन्हात गाडी तापते म्हणून. यानंतर ती आणि आई चटई घेऊन बनात गेल्या. गाडी उन्हात, पंखा जोरात, आत कोणीच नाही.

तोड मेहुण्याने काढली. पॅनेल कॅरिअरवरून सोडवायचं, लांब वायर लावून वाळूत टेकवायचं, गाडी सावलीत. झकास. कंट्रोलरवर आकडा वर सरकला. पण उन्हं कलतील तसं पॅनेल फिरवावं लागतं, म्हणून मी तासाभराने गेलो, तर खालच्या सावलीत गावातलं एक कुत्रं पाय ताणून पसरलेलं. मी पॅनेलची कड धरली.

“अहो, राहू द्या हो,” शहाळीवाल्या आजी तिथूनच ओरडल्या, “आत्ताच डोळा लागलाय त्याचा!”