घटक : प्रेम, मैदा वगैरे

तुमचा पाव आता बऱ्यापैकी फुगू लागला आहे. खाणाऱ्यांनी वाहवा केली, फोटोखाली बदामांचा सडा पडला आणि घरच्या ओव्हनमधून दर आठवड्याला दहा-बारा पाव विकायचं ठरलं. अभिनंदन! आता कुणीतरी भोचक माणूस विचारेलच, ‘लेबलवर काय लिहिणार?’ गांगरून जाऊ नका. मी आहे ना.

लेबलवर आधी एक सोनेरी ओंबी काढा. तिच्याखाली वळणदार अक्षरांत ‘आजीच्या हातची चव’. आजीने जन्मात ओव्हन पाहिला नसला तरी चालतं. एवढ्यात पाऊण लेबल भरतं आणि घटक लिहायला जागाच उरत नाही. नाइलाज! (युरोपात अक्षर किती उंच हवं याचाही नियम आहे : छोट्या रोमन ‘एक्स’ची उंची किमान १.२ मिलिमीटर. असतो एकेकाला वेळ.)

कुणी फारच मागे लागलं, तर लिहा : ‘मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि भरपूर प्रेम.’ फक्त क्रमाच्या भानगडीत पडू नका. बहुतेक ठिकाणचा नियम असा, की मळताना जे वजनाने जास्त पडलं ते आधी लिहायचं, मग उतरत्या भाजणीने बाकीचं. हा नियम कलेच्या मुळावर येणारा आहे. १०० ग्रॅम मैद्याला मीठ साधारण २ ग्रॅम पडतं. ज्या रोझमेरीच्या नावाने तुम्ही पाव विकताय, ती त्या मिठाच्याही मागे, रांगेच्या शेपटाला उभी राहते. तेव्हा यादी कौतुकाच्या क्रमाने लावा. ऑलिव्ह तेल पहिलं. मैदा जमलं तर शेवटी.

आणि मैद्याच्या पिशवीची मागची बाजू कधी वाचू नका. तिथे बारीक अक्षरांत बार्लीचं माल्ट, एन्झाइम, ॲस्कॉर्बिक ॲसिड असली मंडळी दडून बसलेली असू शकतात. मार्जरीनच्या वेष्टनावर तर सोया लेसिथिन निघतं, कधी दुधाचे घन पदार्थही. वाचलं की लिहावं लागतं, कारण तुमच्या घटकाच्या पोटातले घटकही तुमचेच धरतात. त्यापेक्षा पिशवी डब्यात ओतायची आणि लगेच कचऱ्यात टाकायची. मग विचारणाऱ्याला छातीठोकपणे सांगता येतं, ‘अहो, घरचंच आहे सगळं!’

ॲलर्जीचं प्रकरण जरा नाजूक आहे. ॲलर्जी आणणारे जे पदार्थ लेबलवर सांगावेच लागतात, ते युरोपच्या यादीत १४ आहेत, अमेरिकेच्या ९. अमेरिकेने तीळ नववा घेतला तो १ जानेवारी २०२३ पासून. यावर काही मोठ्या बेकऱ्यांनी काढलेला तोडगा कौतुकाने सांगण्यासारखा आहे. यंत्रं आणि कढया घासून तिळाचा कण न् कण काढत बसण्यापेक्षा त्यांनी पावात मुद्दामच तिळाचं पीठ घातलं आणि लेबलवर ‘तीळ’ लिहून टाकलं. कायदा पाळला आणि घासणंही वाचलं. तुम्ही एवढी मेहनत घेऊ नका. तुमच्याकडे एकच टेबल, एकच ब्रश, एकच जाळी. कालच्या तीळ लावलेल्या पावातले चार दाणे आजच्या साध्या पावाला चिकटले, तर आपल्यात म्हणतातच ना, एक तीळ सात जणांत वाटून खावा.

२०१६ साली एका १५ वर्षांच्या मुलीने लंडनच्या विमानतळावर बॅगेट सँडविच घेतलं. तिला तिळाची ॲलर्जी होती, म्हणून तिने वेष्टन वाचलं. त्यावर तिळाचं नाव नव्हतं. तीळ पावाच्या कणकेत होते, वरून दिसत नव्हते. ती गेली. ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये विक्रीच्या जागीच बांधून ठेवलेल्या अशा पदार्थांवरही सगळे घटक लिहावे लागतात, ॲलर्जीवाले ठळक करून.

असो. आपण वजनाकडे वळू. गोळा ५०० ग्रॅमचा केलात, की लेबलवर ५००. ओव्हनमध्ये दहा-पंधरा टक्के वजन वाफ होऊन जातं आणि हातात येतो साधारण ४४० ग्रॅमचा पाव, ही चोरी वाफेची आहे, तुमची नाही. भाजून, निववून मग काट्यावर ठेवणारे लोक कद्रू असतात.

तारीख तर घालूच नका. नुसतं ‘ताजा’ लिहा. हा शब्द कधी शिळा होत नाही. पाव गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे आतून थेंब जमतात, पिशवी धुरकट दिसते आणि गिऱ्हाइकाला आत्ताच भट्टीतून काढल्यासारखं वाटतं. कागदी लेबल आत सरकवलं असेल, तर शाई ओघळून उरलासुरला मजकूरही मिटतो. तिसऱ्या दिवशी तळाशी हिरवट ठिपका उगवेल. तोवर पैसे आलेले असतात.

‘ग्लुटेन-फ्री’ (ग्लुटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन) हा शब्दही खुशाल वापरा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या झाकणावर बोटाने नाव काढता येईल एवढा मैदा साचलाय, पण त्या पावात तुम्ही तो स्वतःच्या हाताने घातलेला नाही ना?

राहता राहिलं नाव आणि पत्ता. इथे ताकास तूर लागू द्यायचा नाही. इटलीत हर्क्युलेनियमला एक पाव सापडला, इ.स. ७९च्या व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात कोळसा झालेला. त्यावर शिक्का आहे : क्विंटस ग्रानियस व्हेरस याचा गुलाम सेलर, त्याचा हा पाव. गाव गाडलं गेलं, भट्ट्या विझल्या, आणि हा बापडा एकोणीसशे वर्षांनंतरही नावानिशी सापडतो. तुमचं असं होता कामा नये. सोमवारी कुणाचं पोट बिघडलं, तर बुधवारपर्यंत कुणाला आठवू नये, की तो पाव कुणाचा होता. ओंबी तेवढी आठवली तरी हरकत नाही. ती सगळ्यांच्याच लेबलवर असते.