सेकंदाला एकशे वीस

माझा जुना फोन सहा वर्षे इमानेइतबारे राबून एका सकाळी बंद पडला आणि पुन्हा उठला नाही, तेव्हा माझी अपेक्षा अगदी माफक होती. नवा फोन इतका महाग नसावा की खिशातून काढताना हात थरथरावा, आणि इतका स्वस्तही नसावा की घंटा वाजून थांबल्यावर मग पडद्याने जागे व्हावे. या दोन इच्छांच्या मधल्या पट्ट्याला ‘मिड-रेंज’ असे भारदस्त नाव आहे आणि त्या पट्ट्यात शिरलेल्या गिऱ्हाइकाइतका केविलवाणा प्राणी दुसरा नाही. ज्याच्याजवळ भरपूर पैसे आहेत त्याला सगळेच मिळते, ज्याच्याजवळ नाहीत त्याला मिळेल ते गोड मानून घ्यावे लागते. मधल्याला मात्र निवड करावी लागते, आणि निवड करायची म्हणजे कशावर पाणी सोडायचे ते आधी ठरवावे लागते. मी कॅमेऱ्यावर पाणी सोडायला तयार होतो, बॅटरीवर मुळीच नव्हतो. एवढा निश्चय करून मी निघालो, तर भाच्याने दारातच अडवले.

“मामा, हर्ट्झ किती आहेत ते पाहिलंस का?”

हर्ट्झ हा शब्द मी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शेवटचा वाचला होता. विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवून देणारे हाइन्रिख हर्ट्झ हे जर्मन शास्त्रज्ञ १८९४ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी वारले. आपल्या नावाचे एकक पुढे फोनच्या खोक्यावर फोनच्या नावाहूनही ठळक छापले जाईल आणि त्यावरून मामा-भाच्यांत वितुष्ट येईल, याची त्यांना कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. भाच्याने समजावून सांगितले की फोनचा पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र नव्याने दाखवतो तितके त्याचे हर्ट्झ, यालाच रिफ्रेश रेट म्हणतात, माझ्या दिवंगत फोनचा तो साठ होता, आणि साठाच्या फोनला आता कोणी फोन म्हणत नाही.

मी जुन्या वळणाचा माणूस असल्यामुळे कागद आणि पेन्सिल घेतली. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते. ९० असतील तर ११.१, १२० असतील तर ८.३ आणि १४४ असतील तर ६.९. म्हणजे साठावरून नव्वदावर गेल्यास साडेपाच मिलिसेकंद वाचतात, नव्वदावरून एकशे वीसवर गेल्यास त्याच्या निम्मे, आणि तिथून एकशे चव्वेचाळीसवर गेल्यास त्याच्याही निम्मे. आकडा वाढत जातो आणि हाती लागणारा लाभ मात्र वारसदारांत वाटल्या गेलेल्या वाड्यासारखा दर खेपेला अर्धा होत जातो. हे गणित मी मोठ्या अभिमानाने भाच्यापुढे ठेवले.

“मामा, हे डोळ्यांनी बघायचं असतं, पेन्सिलीनं नाही,” तो म्हणाला. भाच्याच्या बोलण्यात तथ्य निघाले की मामाला दुकान गाठण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

दुकानात फोन पारखणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट करतो: तो सेटिंग्ज उघडतो आणि ती यादी अंगठ्याने वर-खाली ढकलत राहतो. जगात इतकी ढकलली गेलेली आणि इतकी न वाचली गेलेली दुसरी यादी नसावी. मीही डाव्या हातात साठाचा आणि उजव्या हातात एकशे वीसचा फोन धरून दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी तेच सुरू केले. ते दृश्य पाहून एक लहान मूल आईच्या मागे लपले, तरी मी थांबलो नाही, कारण फरक खरोखरच दिसत होता, हे मला प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. डाव्या हातातली अक्षरे धावताना पुसट होत होती, उजव्या हातातली धावतानाही बऱ्यापैकी वाचता येत होती. याचे कारण असे की पडद्यावरचे चित्र पुढचे चित्र येईपर्यंत जागच्या जागी थांबून राहते आणि आपला डोळा मात्र धावत्या ओळीबरोबर पुढे सरकत असतो. डोळा चालतो, चित्र थांबते, आणि त्या ओढाताणीत अक्षर फरफटते. मजकूर सेकंदाला बाराशे पिक्सेल इतक्या वेगाने सरकत असेल तर साठाच्या पडद्यावर तो वीस-वीस पिक्सेलच्या उड्या मारतो आणि एकशे वीसच्या पडद्यावर दहा-दहाच्या. उडी लहान असेल तर फरफटही लहान होते.

मात्र बोट थांबले की दोन्ही फोन सारखेच. थांबलेले पान सेकंदाला साठ वेळा दाखवले काय किंवा एकशे वीस वेळा दाखवले काय, त्यातले शुद्धलेखन सुधारत नाही. मी फोनवर वाचतो, बोलतो, कधीमधी छायाचित्रे काढतो आणि रस्ता चुकल्यावर नकाशा पाहतो. वेगाने यादी ढकलणे हा माझा व्यवसाय नाही. हा विचार मी मोठ्याने बोलून दाखवणार होतो, तेवढ्यात विक्रेत्याने माझ्या चेहऱ्यावरची शंका हेरली आणि दुसरे खोके पुढे केले. त्यावर २४० लिहिले होते. मी चकित झालो, तेव्हा त्याने तिसरे आणले, त्यावर १९२० लिहिले होते, आणि ते सालही असू शकेल असे मला क्षणभर वाटले.

पुढचा अर्धा तास हर्ट्झांची ही भाऊबंदकी सोडवण्यात गेला. पहिल्या खोक्यावरचे १२० हे डोळ्यांचे हर्ट्झ होते. दुसऱ्यावरचे २४० बोटाचे होते, म्हणजे पडद्यावर बोट कुठे आहे याची चौकशी फोन सेकंदाला किती वेळा करतो त्याचा तो आकडा. त्याचे नाव टच सॅम्पलिंग रेट, आणि रिफ्रेश रेटशी त्याचे नाते केवळ आडनावापुरते. तिसऱ्यावरचे १९२० तर लुकलुकण्याचे निघाले. ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा पडद्याचा उजेड कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे तो अतिशय वेगाने चालू-बंद करत राहणे. हा वेग कमी असेल तर काही लोकांचे डोळे आणि डोके दुखते, म्हणून इथे आकडा मोठा असणे खरोखरच गुणाचे आहे. तिन्ही आकडे एकाच ठशाच्या सोनेरी अक्षरांत छापलेले होते आणि कोणता आकडा कशाचा, हे मात्र इतक्या बारीक टायपात दिले होते की ते वाचण्यासाठी फोनचा कॅमेरा मोठा करून धरावा लागत होता.

खोक्यावर जे छापलेले नव्हते ते भाच्याने सांगितले, आणि त्याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. पडदा एकशे वीस वेळा चित्र दाखवायला तयार असला तरी तितकी चित्रे तयार करून देण्याचे काम प्रोसेसरचे असते, आणि त्याला प्रत्येक चित्रासाठी जेमतेम आठ मिलिसेकंद मिळतात. ती वेळ चुकली की पडदा आधीचेच चित्र पुन्हा दाखवतो आणि आपल्याला अडखळल्यासारखे वाटते. मिड-रेंज फोनमध्ये पडदा सरदारघराण्यातला आणि प्रोसेसर रोजंदारीवरचा, अशी सोयरीक वरचेवर जमवलेली असते. त्याला बडा घर पोकळ वासा याहून चांगले वर्णन नाही. शिवाय एलसीडी, म्हणजे मागून उजेड टाकलेला पडदा सुमार दर्जाचा असेल तर त्याचे ठिपके रंग बदलण्यात इतका वेळ घालवतात की जुने चित्र पुरते पुसले जाण्याआधीच नवे येऊन थडकते आणि धावत्या अक्षरांमागे भुतासारखी सावली लागते. अशा पडद्याचे एकशे वीस हे नेटक्या ओएलईडी पडद्याच्या नव्वदापेक्षा डोळ्यांना वाईट दिसू शकते.

चित्रपटांचा मुद्दा त्याने सर्वांत शेवटी काढला, बहुधा मला नामोहरम करण्यासाठी राखून ठेवला असावा. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. साठाला चोविसाने भाग जात नाही, म्हणून साठाचा पडदा एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा दाखवून कसाबसा हिशेब जुळवतो; एकशे वीसच्या पडद्यावर मात्र प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा येते. हे ऐकून मला एक प्रकारचे गणिती समाधान वाटले. ते समाधान डोळ्यांना वाटले की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण फोनवर चित्रपट पाहताना मला पहिल्या वीस मिनिटांत झोप लागते.

माझ्याजवळही एक अस्त्र शिल्लक होते. फोनवर एकशे वीस हर्ट्झ आणण्याचा मान मिरवणाऱ्यांत २०१७ चा रेझर फोन होता आणि तो मुख्यतः खेळ खेळणाऱ्यांसाठी होता. २०१९ मध्ये वनप्लस ७ प्रोने नव्वद आणले, २०२० मध्ये सॅमसंगच्या एस२० मालिकेने एकशे वीस आणले आणि त्यानंतर ही साथ खालच्या किमतींपर्यंत पसरली. पण आयफोनचे साधे मॉडेल २०२४ च्या आयफोन १६ पर्यंत साठावरच होते आणि मिड-रेंजच्या कितीतरी पट पैसे मोजून लोक ते आनंदाने घेत होते. “मग त्या सगळ्यांचे डोळे फुटले होते का?” मी विचारले. भाचा म्हणाला, “पुढच्याच वर्षी त्यांनाही एकशे वीस द्यावं लागलं ना?” हे खरे असल्यामुळे मी फोन विकत घेतला.

एकशे वीसच घेतला. त्या किमतीत तो आकडा इतका सर्रास झाला होता की तो टाळण्यासाठीच अधिक पायपीट करावी लागली असती.

खरा ताप त्यानंतर सुरू झाला. फोन खरोखर एकशे वीस दाखवतो की नाही हे तपासायला भाचा संध्याकाळी घरी आला. त्याने सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’ अशी एक अगदी निरुपद्रवी ओळ शोधून तिच्यावर सात वेळा बोट आपटले. सातव्या थापेला फोनने ‘आता तुम्ही डेव्हलपर आहात’ असे जाहीर केले. इतक्या कमी शिक्षणात इतकी मोठी पदवी मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. मग त्या गुप्त दालनातला एक खटका त्याने चालू केला आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक आकडा उमटला: हिरवागार १२०. भाचा समाधानाने घरी गेला आणि मी त्या आकड्यापुढे बसून राहिलो.

काही क्षणांनी आकडा तांबूस झाला आणि ६० वर आला. मी दचकून पडद्याला बोट लावले, तर पुन्हा १२०. बोट काढले, थोडे थांबलो, पुन्हा ६०. गुरुजी दारात दिसताच मोठ्याने पाढे म्हणणाऱ्या आणि त्यांची पाठ वळताच पेंगणाऱ्या विद्यार्थ्यासारखे त्याचे वर्तन होते. वास्तविक यात त्याची लबाडी नव्हती. हलणारे काही नसताना एकशे वीस वेळा तेच चित्र दाखवणे म्हणजे बॅटरी जाळणे, म्हणून फोन समजूतदारपणे खाली उतरतो. महागड्या फोनांतले एलटीपीओ पडदे तर सेकंदाला एका चित्रापर्यंत खाली येतात. माझ्यासारख्यांचे पडदे साठ, नव्वद, एकशे वीस अशा दोन-तीनच पायऱ्या जाणतात. हे सारे मला पटले होते, तरीही तांबूस आकडा दिसला की आपण पूर्ण पैसे मोजून अर्धा माल घेतला असे वाटून माझे बोट आपोआप पडद्याकडे जाई. मी बातम्या वाचायला घेई आणि कोपरा वाचत बसे. नकाशा उघडला की साठ. कॅमेरा उघडला की साठ. बॅटरी बचत चालू झाली की साठ. फोन तापला की साठ. एकशे वीस पाहायचे असतील तर एकच खात्रीचा मार्ग होता, आणि त्यामुळे मी दिवसातून अनेकदा सेटिंग्जची यादी निष्कारण वर-खाली ढकलू लागलो.

अखेर बायकोने सूत्रे हातात घेतली. मी पाठ करून उभा राहायचे, तिने कोपऱ्यातला आकडा बंद करून हवा तो रिफ्रेश रेट लावायचा आणि मी यादी ढकलून तो ओळखायचा, असे ठरले. साठ आणि एकशे वीस मी दहापैकी दहा वेळा बरोबर ओळखले आणि माझी छाती फुगली. मग तिने नव्वद आणि एकशे वीस यांची जोडी लावली आणि दहापैकी पाच वेळा माझे उत्तर बरोबर आले.

“नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते,” ती म्हणाली. मग तिने फोन स्वतःकडे घेतला, काहीही न ढकलता खिडकीत उन्हात धरला, अक्षराचा आकार दोन घरे वाढवला आणि विचारले, “हे असं उन्हात नीट दिसतंय ते चांगलं आहे. याचे किती हर्ट्झ?”

याचे हर्ट्झ नसतात, पडद्याच्या उजळपणाचे माप निट्समध्ये असते, असे मी सांगितले. तो आकडा खोक्यावर होता का, असे तिने विचारले. होता, कडेच्या बाजूला होता आणि मी तो पाहिला नव्हता. सॉफ्टवेअरची अपडेट्स किती वर्षे मिळणार आहेत तेही तिने विचारले. सहा वर्षे एकच फोन वापरणाऱ्या माणसाने हा प्रश्न भाच्याच्या आधी विचारायला हवा होता, हे तिने बोलून दाखवले नाही, फोन मात्र जरा जोरात टेबलावर ठेवला.

ती आत गेल्यावर मी तो आकडा पुन्हा चालू केला. आता केवळ सवय म्हणून, असे मी स्वतःला सांगितले. आम्हाला संध्याकाळी बाहेर जायचे होते आणि मी तयार होऊन, एका जागी बसून, यादी ढकलत तिची वाट पाहत होतो. तो आकडा नेमका घड्याळावर छापला जातो, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलेले नव्हते.

“अहो, किती वाजले?” तिने आतून विचारले.

मी डाव्या कोपऱ्यात पाहिले आणि म्हणालो, “एकशे वीस.”