आजीचं वावर आणि 'मोठं मन' : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

आजीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलं, ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. तिला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. मग दोन्ही आत्यांशी बोलले, आजीच्या माहेरी काटोलकडे एक फोन केला, म्हणून उत्तराला दहा दिवस लागले.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं, की मी आजीच्या हातच्या पाटोडीच्या रश्शाबद्दल आणि तिच्या माहेरच्या संत्र्याच्या बगीच्याबद्दल भरभरून लिहिलं, पण ज्या वावरात ती राबली त्याच्या कागदावर तिचं नाव का नव्हतं, याबद्दल अवाक्षर नाही. भावाला हिस्सा सोडून दिला, ही गोष्ट मी एका वाक्यात उरकली आणि पुढे 'आजीचं मन मोठं' असं लिहून टाकलं. 'अन्यायाला लुगडं नेसवून देवघरात बसवलंत,' हे तुमचे शब्द. आणि शेवटी, 'बिचारीला आपण काय गमावतोय हे कळलंही नसेल.'

'मोठं मन' याबद्दल तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. लिहिताना मला ते खरंच वाटलं होतं, कारण लहानपणापासून घरात तसंच ऐकलं. पण 'बिचारी' आणि 'कळलंही नसेल' हे मला मान्य नाही.

आजीच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. तिचा हिशोब असा, की गांधीबाबा वर्ध्याजवळच्या शेगावात (आताच्या सेवाग्रामात) राहायला आले तेव्हा ती कोठ्यातलं शेण काढू लागली होती. म्हणजे १९३६. त्यावरून आम्ही तिचं वय धरत आलो, आणि गेली तेव्हा ती नव्वदीच्या बरीच पुढे होती. माहेर काटोलकडचं. अकरा एकर वावर, त्यातला अडीच एकर संत्रा, बाकी पऱ्हाटी (कपाशी) आणि ज्वारी. घरात मोठी तीच, भाऊ तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. शाळेत गेली नाही. निंदण, वेचणी, मोटेचं पाणी आलं की दांड मोडून दुसऱ्या वाफ्यात घालणं, हे सगळं ती लग्न होईपर्यंत करत होती.

आता तुम्ही म्हणाल, हेच ते कौतुक. थोडं थांबा. राबण्याचं कौतुक मलाही करायचं नाही. तिला जे येत होतं त्याबद्दल मूळ लेखात मी पुरेसं लिहिलं नाही, ते आता लिहिते.

संत्र्याच्या आंबिया बहाराला झाड ताणावर सोडावं लागतं. हिवाळ्यात पाणी तोडायचं, झाड दमेपर्यंत थांबायचं आणि मग पाणी द्यायचं, की फुलं येतात. कधी द्यायचं, यातच सगळी गोम. लवकर दिलं तर नुसती पालवी. उशीर झाला तर पानं झडतात, फांद्या वाळतात, सल काढता काढता वर्ष जातं. काळ्या भारी जमिनीत ताण बसायला जास्त दिवस लागतात, हलक्या जमिनीत कमी. एकाच बगीच्यात दोन तऱ्हांची जमीन असली तर दोन तऱ्हांचे दिवस धरावे लागतात. आजीच्या बापाच्या बगीच्यात तशीच होती. आजी सांगायची, दुपारी पान मुरडलेलं दिसतं ते काही खरं नाही. सकाळी, दव असताना जाऊन पाहायचं. तेव्हाही पान मुरडलेलंच असलं तर ताण बसला. चौदा-पंधरा वर्षांची ती पोरगी पहाटे बगीच्यात फिरून यायची आणि बापाला सांगायची, नाल्याकडच्या ओळींना अजून चार दिवस थांबा. आणि बाप थांबायचा. शेतकरी हा शब्द मी तिच्यासाठी वापरला नव्हता. 'शेतकऱ्याची मुलगी' असं लिहिलं होतं. ही चूक तुम्ही दाखवली नाहीत, ती माझी मलाच दिसली.

लग्न होऊन ती नागपुरात आली तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये. वेचलेल्या कापसाचं पुढे काय होतं, ते तिला आता रोज रात्री आजोबांच्या कपड्यांवर चिकटलेल्या तंतूंत दिसायचं.

तिचे वडील १९६१ मध्ये गेले. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. म्हणजे मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या वाट्यात तेव्हाही मुलीला मुलाच्या बरोबरीनं हिस्सा होता. वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मानंच भागीदार आणि मुलगी नाही, त्यामुळे तो भावाच्या वाट्याएवढा नव्हता, पण होता. तो सोडायला कागद लागला, यावरूनच तो होता हे दिसतं. पुढच्याच वर्षी हक्कसोड झाली. रजिस्ट्री, दोन साक्षीदार आणि आजीचा अंगठा.

तिला कळलं होतं का? हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही. मोठ्या आत्यानं विचारला होता, १९९४ मध्ये, महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला तेव्हा. तो कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्यांना त्याचा उपयोग नव्हता, म्हणून आत्या चिडलेली होती आणि आईवरच घसरली. आजीचं उत्तर आत्याला शब्दन् शब्द आठवतं, मी फोनवर लिहून घेतलं:

"मले काय समजत नव्हतं काय? सारं समजत होतं. पन अंगठा देल्ला नसता तं दिवाळीले कोनाच्या दारात गेली असती मी? तुह्या बापाले तं माहेर नव्हतं."

हे उत्तर मला मोठ्या मनाचं वाटत नाही. अडाणीपणाचं तर नाहीच. हा हिशोब आहे, वाईट अटींवर केलेला, आणि अटी तिनं घातलेल्या नव्हत्या. जमीन मागितली असती तर भाऊबीज गेली असती, बाळंतपणाला माहेर गेलं असतं, आणि नवऱ्यानं उद्या घराबाहेर काढलं तर उभं राहायला एक ओसरी होती, तीही गेली असती. हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीच लिहिलंय की तुम्ही वर्ध्याकडच्या शेतकरी घरातल्या. तुमच्याकडे कुणी सही केली असेल, तर तुमचा राग कुठून येतो ते मला समजतं.

यात एक गोष्ट मला फार खुपते. शेतकरी संघटनेनं, शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. मोठं काम होतं ते. पण बायकोच्या नावे केलेली जमीन घरातच राहते. बहिणीचा वाटा घराबाहेर जातो, आणि तिथे आपला हात अजूनही आखडतो. आमच्या घरातही आखडला होता. त्याकडे येते.

२००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, लग्न झालेल्या मुलींनाही मुलांसारखाच हक्क देणारा. ती बातमी मी आजीला सपरीत बसून वाचून दाखवली होती. तिनं दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "मांगच्याईले नाही?" वाटणीचे जुने नोंदलेले कागद मोडत नाहीत, असं मी सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून तुळशीला पाणी घालायला गेली.

नागपुरातल्या मानेवाड्याचा आमचा पंधराशे फुटांचा प्लॉट तिच्या नावावर होता. आजोबांच्या पैशातून घेतला, पण नाव माझंच लागेल, म्हणून ती अडून बसली होती. बातमीनंतर सहा महिन्यांत तिनं मृत्युपत्र केलं: बाबा आणि दोन्ही आत्या, तिघांना सारखं. तोवर ती सही शिकली होती. बाबांना ते रुचलं नाही. घर मी सांभाळतो, बहिणी आपापल्या घरी सुखी आहेत, असं ते म्हणायचे, आणि दोन वर्षं घरात धुसफूस होती. लग्नात दिलेल्या दागिन्यांचा हिशोबही निघाला. आजी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, कागद झाला. आज आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्लॉटच्या सरकारी नोंदीत, तिन्ही नावं आहेत. हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण बाबा लेख वाचतात. हे उत्तर टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच सांगितलं, की दागिन्यांची गोष्टही राहू दे.

आता काटोलचा फोन. आजीच्या भावाचा नातू आता ते वावर वाहतो. त्याला मी घाबरत घाबरतच हक्कसोडीचा कागद मागितला. त्यानं पेटीतून शोधून दुसऱ्याच दिवशी फोटो पाठवला. अंगठा पुसट आहे, पण रेषा दिसतात.

मूळ लेखात मी लिहिलं होतं, की आजी आम्हाला झोपवताना एक गाणं म्हणायची, बहुधा जुनी ओवी असावी. ते असं होतं:

उगवतीले नाला, मावळतीले पांदन,
खालतं आंबराई, वरतं गाडरस्ता,
मधात विहीर माही.

कागदावर जमिनीची चतुःसीमा लिहिली आहे. पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस आमराई, उत्तरेस गाडरस्ता. त्या दिवशी ती मोठ्यानं वाचून दाखवली असणार. शेवटच्या ओळीएवढाच फरक आहे. कागदात तिथे 'सामायिक विहिरीसह' असं आहे.