कागदावरची चांदणी आणि वाया जाणारं कापड : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, कागदावर छापलेल्या नकाशाच्या रेघांवर कापडाचे तुकडे शिवून शेवटी कागद फाडून काढायची जी पद्धत मी सांगितली, तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण नेमकी आहे. सहा इंचांच्या चांदणीला अर्धा ब्लाऊजपीस गेला, तरी दोन टोकं कापडाने न झाकता उघडी राहिली, चित्र उलटं आलं आणि कागद काढताना टाके उसवले. शिवाय आपल्या मराठवाड्यात वाकळी कागदाविना पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या जातात, मग हा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचारलंय.

शेवटचं आधी घेते. वाकळीत जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरून त्यांतून धावदोरा घालतात. ताकद त्या थरांत असते. कागदावर फक्त वरचं चित्र शिवलं जातं. अणकुचीदार टोक जुळवायचं असेल, तरच कागद घ्यावा. साध्या चौकोनांना तो लागत नाही.

नासाडीबद्दल तुमचं बरोबर आहे, या पद्धतीत कापड जास्तच जातं. पण अर्धा ब्लाऊजपीस जाणं म्हणजे तुकडे अंदाजाने कापले गेले. नकाशातल्या त्रिकोणाच्या काटकोनातल्या बाजू दोन-दोन इंच असतील, तर साडेतीन इंचांचा चौकोन कापून तो तिरका छेदा. दोन तुकडे मिळतात आणि माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडायचं कापड, धरून थोडं हाताशी उरतं. लांबट टोकांना आयत छेदावा लागतो, आणि गोम तिथेच आहे. एका आयताचे दोन्ही त्रिकोण एकाच हाताचे निघतात, दोन्ही डावे किंवा दोन्ही उजवे. चांदणीला दोन्ही लागतात. म्हणून दोन आयत सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकदम छेदा. तुमची दोन टोकं बहुधा यामुळेच उघडी राहिली.

तरीही शिवण्याआधी प्रत्येक तुकडा तपासाच. रेघेवर टाचण्या लावा, तुकडा उलटून खिडकीच्या उजेडात धरा. पुढच्या सगळ्या रेघांच्या बाहेर पाव इंच कापड दिसलं, तरच मशीनखाली घ्या. एवढं केलं की उसवण्याची पाळी सहसा येत नाही.

चित्र उलटं येणं हा दोष नाही. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला असतं आणि आपण शिवतो छापील बाजूने, त्यामुळे ते आरशातल्यासारखंच येणार. चांदणीत फरक कळत नाही. अक्षर किंवा पक्षी असेल तर छापतानाच उलटा करून घ्या. झेरॉक्सवाल्याला ‘पानावर बसवा’ असं सांगू नका, माप आक्रसतं. शंभर टक्क्यांवर काढून कोपऱ्यात माप तपासायला छापलेला एक इंचाचा चौकोन टेपने मोजा.

टाके उसवले ते टाका मोठा होता म्हणून. इंचाला 16 ते 18 टाके, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, आणि 14 नंबरची सुई. भोकं जवळजवळ पडली की कागद हिसका न देता सुटतो. रेघेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन टाके पुढे न्या. ब्लॉक, म्हणजे चांदणीचे तयार चौकोन, एकमेकांना जोडून होईपर्यंत कागद काढू नका, कारण कडांना उरेप, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड आलं असेल तर ते ताणतं. काढताना शिलाईवर अंगठ्याचं नख दाबून धरा आणि कागद तिरका ओढा. इस्त्री कोरडी, कापडाच्या बाजूने. वाफेने कागद वळतो.

साठ्यातलं कापड निवडताना ओटीचे सुती ब्लाऊजपीस उत्तम, खळ घालून घेतले तर आणखी. टेरिकॉट दुमडीवर नीट बसत नाही. हिमरूच्या, म्हणजे रेशीम-सुती नक्षीदार कापडाच्या, कतरणी मोहक असतात, पण त्यांच्या उलट बाजूला सुटे धागे असतात. पाव इंचाच्या मायेत ते निसटतात, म्हणून हिमरू मधल्या मोठ्या तुकड्यालाच ठेवा. गडद लाल आणि निळं कापड आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग सुटतो का ते पाहा.

तुमचा ब्लॉक टाकून देऊ नका. उघड्या टोकाचीच शिलाई उसवा : कागदाच्या बाजूने दर चौथा टाका कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढून घ्या. त्या टोकावरून पुढची एखादी शिलाई गेली असेल, तर आधी ती सोडवा. कागद रेघेवर फाटला तर मागे पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवा. चिकटपट्टी नको, ती इस्त्रीखाली वितळते. मग मोठा तुकडा लावून त्याच रेघेवर पुन्हा शिवा.