काका, जरा सरकता का?

गेल्या रविवारी हंगामाच्या सणाला मला माझ्याच चर्चमधल्या माझ्याच बाकावरून उठवलं आणि तिथं स्पीकरचा एक काळा डबा बसवला. त्याला 'टॉप' म्हणतात. खाली ठेवतात तो 'बेस', वर ठेवतात तो 'टॉप'. बेस वेदीच्या दोन्ही बाजूंना गेले. एका टॉपला मात्र कुठंच 'सेटिंग' बसेना, म्हणून त्यानं माझी जागा घेतली.

उठवणारा पोरगा आमच्या मंडळीतला नव्हता. भाड्यानं आणलेला साउंडवाला. गालात मावा, मनगटाला पाच-सहा रंगांचे दोरे, पाठीवर 'ऑपरेटर' असं लिहिलेला टी-शर्ट.

"काका, जरा सरकता का? इथं टॉप ठेवायचाय."

"ही माझी जागा आहे."

"नाव लिवलंय का?"

लिहिलेलं होतं. बाकाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं, वडिलांच्या स्मरणार्थ. मी बोट दाखवलं. पोरानं वाकून, एकेक अक्षर लावत सगळं वाचलं आणि हात जोडले. "हे तर वारलेत."

"माझे वडील होते ते."

"मग ही त्यांची जागा झाली ना. तुमची कुठाय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन-तीन सुचतात, पण तोवर पोरगं भोकरदनला नाहीतर मंठ्याला दुसऱ्या कुणाच्या तरी बापाच्या बाकावर डबा ठेवत असतं. मी उठलो आणि मागं जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. ही ठेवलेली असते उशिरा येणाऱ्यांसाठी, आणि मी उपासनेला पहिल्या घंटेच्या आधी येणारा माणूस आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हंगामाचा सण म्हणजे पीक घरात आलं की त्यातलं पहिलं देवापुढं आणून ठेवायचं. आमच्याकडं वेदीपुढं ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, मोसंबी, तुरीच्या शेंगा, ऊस, गावरान अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी असं सगळं मांडतात, आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. पाच रुपयांचं लिंबू पन्नासला जातं आणि घेणाराही खूश असतो. जुगार, लॉटरी, सोडत यांच्या मी कायम विरोधात राहिलो, पण हा लिलाव मला मान्य आहे. त्यात कुणाला काही लागत नाही, फक्त द्यावं लागतं.

यंदा मांडायला होतं काय म्हणा. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात काय केलं ते सांगायला नको. नदीकाठच्या रानांत पिकासकट माती गेली. जे सोयाबीन उभं राहिलं त्याला शेंगेतच कोंब फुटले. सरकारनं 2025-26 च्या हंगामाला हमीभाव 5,328 रुपये क्विंटल ठरवला, पण भिजलेला माल दाखवला की व्यापारी नाक मुरडतो आणि आकडा तिथंच खाली येतो. असल्या वर्षी आभार मानायला काळीज लागतं. हबक्कूक संदेष्ट्यानं अशाच वर्षासाठी लिहून ठेवलंय, की शेतात अन्न पिकलं नाही, वाड्यातली मेंढरं नाहीशी झाली, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मला वाटलं होतं, संदेश यावर होईल. आमच्या तरुण पाळकसाहेबांनी विषय घेतला 'दुप्पट आशीर्वाद'. माझ्या पुढच्या खुर्चीवर एक शेतकरी बसला होता. 'दुप्पट' म्हटलं की तो दर वेळी मान खाली घालायचा.

पण ते नंतरचं. उपासनेला अजून वेळ होता, आणि साउंडवाल्यानं मिक्सरचं टेबल नेमकं माझ्या खुर्चीशेजारी लावलं. त्याला गप्पा मारायला माणूस पाहिजे होता.

"काका, तुमच्यात हे भाजीपाल्याचं काय असतंय? प्रसाद?"

मी सांगितलं.

"अस्सं. म्हंजे बाजार समिती."

मी आवाजाचा विषय काढला. म्हटलं, मी वीज मंडळात वायरमन होतो, नियम मलाही माहीत आहेत. 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल.

"काका, 55 वर तर माझं जनरेटर चालतंय."

मग त्यानं, मी काहीच विचारलेलं नसताना, मराठवाड्यातल्या समस्त धर्मांचा साउंडच्या बाजूनं आढावा घेतला. मावा डाव्या गालातून उजव्या गालात सरकवून म्हणाला, "सगळ्यात सोपं काम सप्त्याचं. टाळ-पखवाज असतोय, चार माईक फेकले की झोपून जायचं. फक्त महाराजांना एको लागतोय. एको कमी पडला की कीर्तन थांबवून माझ्याकडं बघतेत. उरसाला कव्वाल येतो तो मान लई हालवितो, माईक जाग्यावर अन् माणूस भलतीकडं. जयंतीला अन् गणपतीला डोकं लावायचंच नाही. बेस किती? जेवढे टेम्पोत बसतेत तेवढे. लग्नात नवरदेवाचा मामा येऊन आवाज वाढव म्हणतो, मुलीचा बाप येऊन कमी कर म्हणतो. मी नुसता हात लावितो बटनाला. दोघंबी खूश."

"आणि आमचं?"

"तुमचं अवघड हाय काका. तुमचे लोक गाताना डोळे झाकितेत. डोळे झाकले की माईक कुठं चाललाय त्यायला कळत नाही. बॉक्सपुढं आला की शिट्टी मारतंय, अन् सगळे वळून बघतेत माझ्याकडं. देवाकडं डोळे झाकून अन् माझ्याकडं उघडून."

खोटं नव्हतं. मला हसू आलं. ते आलं याचाच मला राग आला.

"देव चांगलाय तुमचा," त्यानं निकाल दिला. "शांतंय. पण गाण्यात उठाव नाही. रडकी वाटतेत गाणी. रस्त्यानं चाललेल्याला कळलं पाहिजे ना, आत कार्यक्रम चालूय म्हणून."

'रडकी' म्हणाला तो ज्या पदांना, त्यांवर माझी आई जगली. लोकांना असं वाटतं की आम्ही ख्रिस्ती म्हणजे साहेबांच्या चालीवर पियानो वाजवत जन्मलो. जालन्यात मिशनचं काम उभं केलं ते नारायण शेषाद्रींनी. ब्राह्मणाच्या घरातले, बाप्तिस्मा 1843 साली. त्यांनीच जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. पुढं कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, बाप्तिस्मा 1895 चा. त्यांनी पाहिलं की विलायती चालींवर मराठी शब्द कोंबून म्हणताना आपल्या माणसाची धाप लागते. मग त्यांनी अभंग, ओव्या, पदं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन केलं. पेटी, तबला, टाळ, झांज. वाचता न येणाऱ्या बायकांना पन्नास-पन्नास पदं पाठ असायची. शेतात निंदताना म्हणायच्या. याला कुणी बाहेरचं म्हणू नये आणि रडकं तर मुळीच म्हणू नये.

आमची पेटी सध्या स्टोअर रूममध्ये असते. तिच्यावर नाताळच्या चांदण्यांचं खोकं ठेवलेलं आहे.

हे सगळं मी पाळकसाहेबांना सणाच्या आधीच बोललो होतो. बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. वारा आला, त्यात परमेश्वर नव्हता. भूकंप झाला, अग्नी आला, त्यांतही नव्हता. मग शांत, मंद वाणी आली. पाळकसाहेब हसले आणि म्हणाले, "काका, स्तोत्र दीडशे वाचा. मोठ्या आवाजाच्या झांजा वाजवून स्तुती करा म्हटलंय." मी म्हटलं, झांजा वाजवणाऱ्याचा हात दुखतो, म्हणून त्या कधीतरी थांबतात. यावर ते म्हणाले, "टिळकांनी त्यांच्या काळात लोकांना आवडायचं तेच घेतलं ना?" पदवीधर माणसाशी वाद घालू नये. ते आपलाच साक्षीदार आपल्यावर उलटवतात.

असो. उपासना सुरू झाली. नवीन 'टीम' उभी राहिली. ड्रम, गिटार, आणि सगळी गाणी हिंदी. ही पोरं भांडतात मराठीत, शिव्या मराठीत देतात, उधारी मराठीत मागतात, स्तुती मात्र हिंदीत. शब्द भिंतीवरच्या पडद्यावर. पहिल्या गाण्याला वेदीपुढची मोसंबी हलायला लागली. आधी मला वाटलं माझेच डोळे, पण एक खरोखर घरंगळत खाली आली आणि पायरीपाशी थांबली. कोंबडीनं डोकं पंखात घातलं. बेसवर चिकटवलेलं होतं, 'नाद करायचा नाय', आणि त्याच्या बरोब्बर वर वधस्तंभ.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर सगळं बंद पडलं. दिवा, पंखा, पडदा, आवाज.

कारण मला जागेवरच कळलं. डिझेल वाचवायला साउंडवाल्यानं जनरेटर न लावता सगळा लोड चर्चच्या मीटरवर टाकला होता. त्या मीटरचा मंजूर भार दोन ट्यूबलाइट आणि सहा पंख्यांच्या काळातला आहे. किटकॅटमधला फ्यूज उडणारच. पण मी उठलो नाही. मला बघायचं होतं. वाटलं, आता पडदा गेला, डबा गेला, तर मंडळी गळ्यानं गातील. जेमतेम एक ओळ झाली. मग कुणी "हा हा हा" केलं, कुणी नुसतंच "हालेलुया" म्हटलं आणि विषय संपला. शब्द पडद्यावर होते ना. गीतांची पुस्तकं पेटीशेजारी, खोक्याखाली.

मग सगळ्या मंडळीच्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या. पाळकसाहेबांचीही. साउंडवाला तर टेस्टर पुढं करून उभाच होता. "काका, बघता का जरा? तुम्ही वायरमन होतात म्हणे."

म्हणजे ज्यानं मला उठवलं त्याचा आवाज परत चालू करायचं काम माझ्याकडं. मी गेलो. स्टुलावर चढलो, तार बदलली आणि मेन टाकला. डबा कडाडला आणि मंडळीनं टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये, वेदीसमोर, फ्यूजला टाळ्या. आमच्या लहानपणी कुणी बाकावर बोटं वाजवली तरी सेवक कान धरून बाहेर नेत. साउंडवाला कौतुकानं म्हणाला, "काका, आमच्यासंगं चला टेम्पोवर. असा माणूसच भेटत नाही."

लिलाव अंगणात झाला. आमच्या मंडळीत वस्तीवरची एक आजी आहे. दर सणाला ती छपरावरच्या वेलाचं डांगर आणते, पदराखाली झाकून. ते डांगर मी घेतो. आजवर कुणी त्यावर माझ्याविरुद्ध बोललेलं नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा पावसात वेल सडला, एकच डांगर वाचलं होतं, तेही एका बाजूनं चपटं. खजिनदारानं पुकारा केला, "पन्नास!" मी म्हटलं, "शंभर." आणि डोक्यावरच्या भोंग्यातून, एको लावून, आवाज आला, "दीडशे-शे-शे."

साउंडवाला. मिक्सरजवळ बसल्या-बसल्या, हातात माईक.

मी दोनशे म्हटलं. तो अडीचशे-शे-शे. लोक हसायला लागले. खजिनदाराला तर हर्षवायू व्हायचा बाकी. पाचशेला आमच्या हिनं शर्टाची बाही ओढली. आठशेला दोन्ही हातांनी. मी अकराशेपर्यंत गेलो. अकराशे! तेवढ्यात बाजारातून पोतंभर डांगरं आली असती. तो म्हणाला, "साडेअकराशे-शे-शे." मी थांबलो. पेन्शनीत एको नसतो.

त्यानं डांगर खांद्यावर घेतलं आणि खजिनदाराला म्हणाला, "पैशे बिलात वळते करा."

मला वाटलं आता तरी खजिनदार भानावर येईल. त्यानं वहीत लिहून घेतलं. मी जवळ जाऊन विचारलं, बिल किती? चौदा हजार. लिलाव किती झाला? सोळा हजार आणि वर काही. मग मंडळीला राहिलं काय? "सण छान झाला ना काका," म्हणाला. पूर्वी याच पैशातून खेड्यांवर फिरणाऱ्या सेवकाचा पगार निघायचा, वसतिगृहातल्या लेकरांच्या वह्या यायच्या. यंदा ज्याचं सोयाबीन वाहून गेलं त्यानंही घरातली चार कणसं आणून ठेवली, आणि ती कणसं बेसच्या भाड्यात गेली. मी म्हटलं, हे कमिटीपुढं घ्या. म्हणाला, लेखी द्या. लेखी दिलं. कळलं की विषय जानेवारीत निघेल, कारण डिसेंबरचा अॅडव्हान्स त्या पोराला आधीच पोचलाय.

दुपारी त्याचा टेम्पो सप्त्याला निघाला. आजी फाटकापाशी उभी होती. साडेअकराशेची बातमी तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगून झाली होती, ते पैसे प्रत्यक्षात कुठंच आले नाहीत हे तिला सांगायची माझी छाती होईना. मी नुसता "सलाम, आजी" म्हटलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सलाम. एवढी पेन्शन खातोस, अन् पन्नास रुपड्यांसाठी माझं डांगर सोडलंस व्हय रे? त्या परक्या लेकराला किंमत कळली."

आमची ही म्हणाली, "मी तेच म्हणत होते त्यांना."