बाकावर घडलेला प्रशिक्षक

नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या क्रीडारसिकांत एकाच विषयावरचे दोन वाद रंगले, आणि इथे कॅलिफोर्नियात राहून मी दोन्ही वाचत होतो. महिन्याच्या सुरुवातीला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मुंबईसाठी हजारो धावा करूनही भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेल्या, या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांचा दाखला देऊन सांगितले गेले, की उत्तम प्रशिक्षक व्हायला मोठा खेळाडू असावे लागत नाही. महिन्याच्या अखेरीस पुरुष संघ दक्षिण आफ्रिकेकडून मायदेशातच कसोटी मालिका 2-0 अशी हरला, तेव्हा दोन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत भारताचा डाव सावरणारे प्रशिक्षक गौतम गंभीर यांच्यावर टीकेची झोड उठली आणि तोच निष्कर्ष पुन्हा काढला गेला. दोन्ही वेळा माप एकच होते : खेळाडू म्हणून हा माणूस किती मोठा होता? मला हे मापच चुकीचे वाटते. खेळणे थांबवल्यापासून संघाची सूत्रे हाती येईपर्यंत तो कुठे होता, कोणाकडून काय शिकत होता आणि त्या काळात त्याचा चरितार्थ कसा चालला, हे आपण विचारायला हवे.

असे मला वाटू लागले ते अमेरिकेतले बास्केटबॉल खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक झालेले स्टीव्ह कर यांची कारकीर्द पाहून. 1988 साली एनबीए या तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडप्रक्रियेत त्यांचे नाव दुसऱ्या फेरीत, पन्नासाव्या क्रमांकावर आले. पुढे 15 मोसम ते खेळले, पण सरासरी सामन्याला सहा गुणांची, आणि सुरुवातीच्या पाच खेळाडूंत त्यांना क्वचितच स्थान मिळाले. विजेतेपदे मात्र पाच, त्यांतली तीन मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सबरोबर. 1997 च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात 86-86 अशी बरोबरी असताना प्रतिस्पर्धी युटा संघाचे दोन खेळाडू जॉर्डनवर धावून गेले, त्याने चेंडू मोकळ्या असलेल्या करकडे दिला आणि पाच सेकंद उरले असताना करने तो बास्केटमध्ये टाकला. त्याआधीच्या टाइमआउटमध्येच दोघांचे बोलणे झाले होते : युटाचा स्टॉकटन मला सोडून तुझ्यावर आला, तर मी तयार असेन, असे करने जॉर्डनला सांगून ठेवले होते. सामन्यातला बराच वेळ बाकावर काढणारा माणूस प्रतिस्पर्ध्याची पुढची चाल आधीच ओळखतो, यात मला नवल वाटत नाही. राखीव खेळाडूला खेळ प्रशिक्षकाच्या जागेवरूनच दिसत असतो, आणि करच्या बाबतीत शेजारी उभे असलेले प्रशिक्षक होते फिल जॅक्सन आणि नंतर ग्रेग पोपोविच.

2003 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी दूरचित्रवाणीवर समालोचन केले, 2007 ते 2010 या काळात फीनिक्स सन्स या एनबीए संघाचे व्यवस्थापन सांभाळले आणि मग ते पुन्हा समालोचनाकडे वळले. 2014 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले, तेव्हा त्यांनी सहायक प्रशिक्षक म्हणूनही कधी काम केलेले नव्हते. आपल्याकडे यावर किती गदारोळ झाला असता! पण त्यांनी पहिली गोष्ट केली ती अॅल्विन जेन्ट्री आणि रॉन अॅडम्स या दोन मुरलेल्या सहायकांना जवळ घेण्याची. दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. तोवर एनबीएतला आपला प्रत्येक सामना पहिल्या पाचांत सुरू करणाऱ्या आंद्रे इग्वोडालाला त्यांनी राखीव म्हणून खेळायला राजी केले. बाकावर बसण्यातला सल आणि त्यातला मान हे दोन्ही स्वतः अनुभवलेला माणूसच हे मागू शकतो. त्या मोसमाअखेर वॉरियर्सने 40 वर्षांनी विजेतेपद मिळवले, आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वोडाला.

फेब्रुवारी 2018 मधला एक सामना मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मोसमाच्या मध्यावर खेळाडूंच्या कानांना प्रशिक्षकाचा आवाज बोथट झाला आहे हे ओळखून करने टाइमआउटमधला फळा आणि मार्कर खेळाडूंच्याच हाती दिला. इग्वोडाला आणि डेव्हिड वेस्ट चाली आखत होते, बाकीचे वाकून पाहत होते आणि कर बाजूला उभे होते. समोरच्या संघाचा हा अपमान आहे, अशी टीका झाली. मला त्यात प्रशिक्षक तयार करण्याची रीत दिसली.

इथली सगळी व्यवस्था आदर्श आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. डेन्व्हरच्या एनबीए संघाला 2023 मध्ये पहिलेवहिले विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक मायकेल मलोन यांना दोनच वर्षांत, नियमित मोसमाचे तीन सामने उरले असताना, घरी पाठवण्यात आले. रेल्वेत किंवा पोलिसात लागलेल्या आपल्या खेळाडूवर अशी पाळी येत नाही, आणि खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाची थट्टा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. गरिबाघरच्या मुलाला त्या नोकरीनेच मैदानावर टिकवून ठेवले आहे. मात्र इथे एक शिडी आहे. एरिक स्पोल्स्ट्रा एनबीएत कधी खेळले नाहीत. 1995 मध्ये मायामी हीटच्या व्हिडिओ कक्षात सामन्यांच्या चित्रफिती लावण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि 2008 मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले. मधल्या प्रत्येक पायरीला पगार होता.

आपल्याकडे ही शिडी क्रिकेटने उभी केली आहे. मुझुमदार 2014 मध्ये निवृत्त झाले आणि 2023 मध्ये महिला संघाकडे आले. मधली वर्षे त्यांनी आयपीएलमध्ये फलंदाजी शिकवण्यात आणि मुंबईच्या रणजी संघाला मार्गदर्शन करण्यात घालवली. त्यांच्या यशाचे कारण मी तिथे शोधतो, भारताची टोपी न मिळण्यात नव्हे. मुंबईच्या ज्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कारविजेता कर्णधार बास्केटबॉलला दिला, तिथल्या आजच्या तिशीतल्या खेळाडूपुढे अशी कोणती वाट आहे? खेळ थांबला की तो कार्यालयातल्या टेबलाशी जातो, आणि संध्याकाळी मुलांना शिकवलेच तर ते पदरमोड करून. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घ्यायची म्हटली, तरी रजा आणि खर्च यांचा प्रश्न आधी उभा राहतो.

नोकरी देणाऱ्या खात्यांनीच अशा खेळाडूंना निवृत्तीनंतर काही वर्षे पूर्ण पगारी प्रतिनियुक्तीवर जिल्हा संघांकडे सहायक म्हणून पाठवावे, असे मला वाटते. नवे पद निर्माण करायचे नाही, पगार तर चालूच आहे. कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल यांनाही हेच लागू पडते. पुढच्या वेळी एखाद्या प्रशिक्षकाच्या नेमणुकीवरून वाद पेटेल, तेव्हा संघटनांना हेही विचारले जावे, की तुमच्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आज पगारी शिकणारे किती जण आहेत.